गाबोळीपासून ठरावापर्यंत

कोकणातल्या कुठल्याही बंदरावर उभं राहून "काय, मासळी कशी आहे?" असं विचारा. "काय उरलं नाय आता" हे उत्तर ठरलेलं. ते खोटं नसतं, पण त्यातून नियम निघत नाही. नियम करायचा तर कुठला मासा, केवढा, किती आसाच्या (भोकाच्या) जाळ्यात, कुठल्या तिथीला, कुठल्या खडपाच्या कुठल्या अंगाला, एवढं हाती यावं लागतं. यातलं बहुतेक गावात कुणाला ना कुणाला ठाऊक असतं. अडचण अशी की ते एका माणसापाशी नसतं. जागा तांडेलाला माहीत, आस जाळं शिवणाऱ्याला माहीत, आणि कुठल्या महिन्यात कुठल्या माशात गाबोळी भरते हे मासे कापणाऱ्या बाईला माहीत. हे तुकडे जमवायचे, पडताळून पाहायचे आणि त्यातून गाव पाळेल असा एखादा नियम काढायचा, त्याची ही कृती. रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं खाडीकाठचं गाव डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे. रायगड-पालघरकडच्या डोलीच्या (खुंटांना बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्याच्या) गावांना थोडा फरक करावा लागेल.

वेळ पुरं एक वर्ष, नारळी पौर्णिमा ते नारळी पौर्णिमा. त्याहून कमी काळात सगळे हंगाम डोळ्यांखालून जात नाहीत, आणि पुढची नारळी पौर्णिमा आली की ठराव करायला गाव आपोआप जमलेलं असतं.

साहित्य थोडं आहे. दोन जाड वह्या, तिथी असलेलं भिंतीवरचं कॅलेंडर, सेंटिमीटरच्या खुणा केलेली फळी (एका टोकाला आडवी पट्टी ठोकलेली, म्हणजे माशाचं तोंड तिथे टेकवता येतं), काट्यावर मोजायला वजनं, अर्धा मीटर बाजूची बांबूची चौकोनी चौकट, एक चाळण, नेलपॉलिशची बाटली आणि बंदरावर लावायला एक काळा फळा. मोबाइल असतोच. प्रकल्प, निधी, सल्लागार यांतलं काही पहिल्या वर्षी लागत नाही. ते आलं की मीटिंगा वाढतात आणि खाडीवर जाणं कमी होतं.

१. थांबणाऱ्या जिवापासून सुरुवात करा

पापलेटापासून सुरू करण्याचा मोह आवरा. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटाला राज्यमासा म्हणून जाहीर केलं. सातपाटीसारखं बंदर त्याच्या नावाने ओळखलं जातं, आणि त्याची पिल्लं डोलीत मारली जातात हे दुखणंही जुनं आहे. पण पापलेट एका गावाच्या पाण्यात बसून राहत नाही. तुमच्या गावाने सोडलेलं पिल्लू शेजारच्या गावाच्या डोलीत सापडलं की दुसऱ्या वर्षी तुमच्याकडेही नियम कुणी पाळत नाही, आणि "नियमाबियमाने काय होत नाय" हे वाक्य पुढची वीस वर्षं गावात राहतं. पहिला नियम यशस्वी व्हायलाच हवा. म्हणून जागा न सोडणारा जीव घ्या: तिसऱ्या, मुळे, कालवं.

रत्नागिरीजवळ काळबादेवी, भाट्ये अशा खाड्यांमध्ये ओहोटीला बायका तिसऱ्या काढतात. तिसरी जिथे रुजते तिथेच वाढते. त्यामुळे सोडली तर आपल्यालाच मिळते, आणि नियमाचा परिणाम एका-दोन हंगामांत हाताला लागतो. केरळात कोल्लमजवळच्या अष्टमुडी कायलात हेच झालं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथली तिसऱ्यांची पकड घसरली, तेव्हा दरवर्षी डिसेंबर ते फेब्रुवारी काढणी बंद ठेवायचं ठरलं, कारण तो त्यांचा प्रजननाचा काळ. जाळ्याचा किमान आस ठरला, लहान तिसरी विकायची नाही हे ठरलं. संशोधकांनी वाढीचा हिशेब दिला आणि काढणाऱ्यांनी तो पाळला. २०१४ मध्ये शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालेली ती भारतातली पहिली मासेमारी ठरली. आपल्या खाडीतल्या तिसऱ्या वेगळ्या जातीच्या असतील, हंगाम वेगळा असेल, म्हणून अष्टमुडीचे महिने उचलून इथे लावू नका. रीत घ्या.

तिसऱ्यांचं जमलं की खाडीतले जिताडा आणि बोय घ्यावेत. समुद्रातल्या माशाकडे सगळ्यात शेवटी वळायचं, आणि तेही शेजारची चार-पाच बंदरं सोबत आल्यावर.

वहीच्या पहिल्या पानावर प्रश्न एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ: "आपल्या खाडीतली तिसरी कधी आणि केवढी झाल्यावर काढली तर ती टिकेल?" प्रश्नाला दोन वाक्यं लागली तर तो अजून तयार झालेला नाही.

२. माणसं कशी शोधायची

मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनना आधी भेटा, त्यांच्या कानावर घाला, पण त्यांच्या ओटीवरच थांबू नका. गावात भेटेल त्याला एकच विचारायचं: "तिसऱ्यांतलं आपल्याकडे सगळ्यात जास्त कुणाला कळतं?" तीन-चार वेगवेगळ्या घरांतून एकच नाव आलं की ते माणूस पक्कं. खारवी, दालदी, गाबीत, भोई, भंडारी अशा सगळ्या वाड्यांतून विचारा. एकाच वाडीत फिरलात तर अर्धी खाडीच कळेल, आणि नियमही त्या वाडीचाच समजला जाईल.

बायकांकडे आधी जा. हे सौजन्य म्हणून सांगत नाही. पुरुष मासा पकडतो आणि टोपलीत टाकतो. त्याचा आकार निवडणारी, तो कापणारी, गाबोळी वेगळी काढून ठेवणारी बाईच असते. तिसऱ्यांच्या बाबतीत तर काढणारीही तीच. "हल्ली एका वाट्यात किती बसतात?" हा प्रश्न तिला विचारा. ती जो आकडा सांगेल, तो कुठल्याही सर्वेक्षणाइतका पक्का असतो, कारण त्यावर तिचं रोजचं गिऱ्हाईक टिकून असतं.

दोन माणसं बहुतेक जण विसरतात. एक, माल उचलणारा व्यापारी. त्याच्या जुन्या चोपड्यांत वजन, भाव आणि 'बारीक-मोठं' अशी नोंद असते, आणि ती कुणाच्या आठवणीवर अवलंबून नसते. दुसरा, सोसायटीत डिझेलचा हिशेब ठेवणारा कारकून. त्याच्या रजिस्टरचा उपयोग पुढे येईल.

जायचं कधी, यालाही रीत आहे. उधाणाच्या दिवसांत डोलवाला पाण्यावर असतो आणि तिसऱ्या काढणारी चिखलात. तेव्हा वही घेऊन गेलात तर अर्धी उत्तरं मिळतील आणि एक शिवी. सप्तमी ते नवमीच्या आसपास भांग असतो, पाण्याला ओढ नसते, माणसं जाळी दुरुस्त करत बसलेली असतात. त्यांच्याबरोबर बसा. विक्रेत्या बायकांना बाजार उठल्यावर गाठा. कुणाचा कामाचा वेळ घेतलाच तर त्या वेळचं हाजरीचं मोल द्या. फुकटचा चहा हा त्याचा मोबदला नव्हे.

३. दोन वह्या

एक उघडी वही, एक बंद. हंगाम, आकार, गाबोळी, वारं, पाणी हे उघड्या वहीत. नेमकी जागा बंद वहीत, आणि ती सोसायटीच्या कपाटात, कुलपात. देवळाचा कळस आणि डोंगराची सोंड एका रेषेत आणून जो खडप सापडतो, ती खूण एखाद्या घराण्याची दोन पिढ्यांची कमाई असते. ती मोबाइलवर टिपून गटात टाकणं म्हणजे चोरी.

ही भीती कल्पनेतली नाही. प्रशांत महासागरातल्या पलाऊ बेटांवर रॉबर्ट जोहान्स या संशोधकाने १९७० च्या दशकात कोळ्यांकडून शिकून जे जमवलं, त्यावर त्याचं १९८१ चं पुस्तक उभं आहे. अंडी घालायला कुठला मासा चंद्राच्या कुठल्या दिवशी जमतो, हे तिथल्या कोळ्यांना इतक्या जातींबद्दल ठाऊक होतं की तोवर जगभरच्या शास्त्रीय लेखनात मिळून तेवढ्या जातींची नोंद नव्हती. पण जिवंत माशांच्या व्यापाऱ्यांना अशा जमण्याच्या जागा त्या भागात जिथे जिथे कळल्या, तिथे काही हंगामांत माशांचे थवे संपले. ज्ञान वाचवायला जावं आणि त्यानेच मासा मरावा, असं होऊ शकतं.

म्हणून सुरुवातीलाच लेखी ठरवा: वही सोसायटीची, सांगणाऱ्याच्या परवानगीशिवाय नाव छापायचं नाही, आणि कुणी "हे काढून टाक" म्हटलं तर काढायचं. पुढे ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे (२००२ च्या जैविक विविधता कायद्याने ती प्रत्येक पंचायतीत असायला हवी) लोकजैवविविधता नोंदवहीसाठी माहिती द्यायची झाली तर उघड्या वहीतलीच द्या.

४. विचारायचं कसं

"मासळी कमी झाली का?" हा प्रश्न वहीतून खोडून टाका. त्याचं उत्तर विचारणाऱ्याचा चेहरा बघून दिलं जातं. वस्तूबद्दल विचारा: जाळं, आस, टोपली, वाटा, कोयती. "तुमच्या सासूबाई काढायच्या तेव्हा एका ओहोटीला किती टोपल्या व्हायच्या? टोपली हीच होती की मोठी?" टोपलीचा आकार बदललेला असतो, आणि तो विचारला नाही तर सगळी तुलना वाया जाते.

साल कुणाला आठवत नाही, घटना आठवते. "फयानच्या आधी की नंतर?" (ते वादळ ११ नोव्हेंबर २००९ चं), "निसर्ग आलं त्या वर्षी?" (३ जून २०२०), "तौक्ते?" (मे २०२१). त्याही मागे जायचं तर सुती जाळं जाऊन नायलॉनचं कधी आलं, वडिलांनी होडीला मशीन कधी बसवली, थोरल्या मुलीचं लग्न कधी झालं, असे खुंट रोवत जा. महिन्यासाठी शिमगा, गौरी-गणपती, दिवाळी वापरा. रोजच्या वेळेसाठी तिथी. भरतीची वेळ काढायची जुनी रीत, तिथीची पाऊणपट, खेडोपाडी अजून चालते: चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. खाडीत आत जाल तशी ती लांबते, आणि किती लांबते तेही वहीत लिहा. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या ओहोट्या पहाटे आणि तिन्हीसांजेला येतात. तिसऱ्यांच्या मळ्या (चिखलाचे पट्टे) पूर्ण उघड्या पडतात त्या याच वेळी, आणि मोजणीही याच वेळी होईल.

वारं आणि पाणी यांबद्दल त्यांच्याच शब्दांत लिहा. मतलई, खारा, पाणी गढूळ, पाणी निवळलं. याचं प्रमाण मराठीत रूपांतर करत बसू नका. अर्थ समासात लिहा.

एकच प्रश्न तीन पिढ्यांना विचारा. माणूस आपल्या तरुणपणी जी मासळी पाहतो तिलाच भरपूर समजतो आणि पुढची घट तिथून मोजतो. मत्स्यवैज्ञानिक डॅनियल पॉली यांनी हे १९९५ मध्ये मांडलं. पुढे मेक्सिकोत कॅलिफोर्नियाच्या आखातात तीन पिढ्यांच्या १०८ मच्छीमारांशी बोलून संशोधकांनी ते तपासलं. संपत आलेल्या जाती सांगायला लावल्या तेव्हा म्हाताऱ्यांनी तरुणांच्या पाचपट जाती सांगितल्या. पंचवीस वर्षांचा मुलगा "तिसऱ्या तर पहिल्यापासून एवढ्याच" म्हणाला तर तो खोटं बोलत नाही. त्याचं उत्तर त्याच्या वयासकट लिहा, म्हणजे उतार दिसेल.

आणि मध्ये बोलू नका. "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का" हे वाक्य उच्चारलं की पुढचं उत्तर तुमचं असतं.

५. नकाशा वाळूवर

कागद पुढे केला की शिकलेला बोलतो आणि बाकीचे गप्प होतात. वाळूवर काठीने खाडी काढा, खडपांना दगड ठेवा, तिसऱ्यांच्या मळीला शिंपल्या. ओहोटीचा एक, भरतीचा एक. वाद होऊ द्या. दोन म्हाताऱ्यांचं मळीच्या टोकावरून भांडण जुंपलं की तीच जागा पुढे मोजायला निवडा. फोटो काढा, मग नकाशा पायाने पुसा, आणि फोटो बंद वहीत.

पालघर-वसई-उत्तनकडे समुद्रात मारलेल्या कवींवरून (डोल बांधायच्या खुंटांच्या जागांवरून) गावागावांत वर्षानुवर्षं वाद आहेत. तिथे वाळूवरचा नकाशाही एका गावात बसून काढू नये. शेजारच्या गावाची माणसं बोलवा, नाहीतर तुमचा अभ्यास त्यांना अतिक्रमणाची तयारी वाटेल.

६. पडताळा

इथे बहुतेक चांगली कामं ढेपाळतात. सगळं लिहून होतं, "पारंपरिक ज्ञान" म्हणून पुस्तिका निघते, आणि तिसरी तेवढीच राहते. मच्छीमार म्हणतो म्हणून खरं मानणं हा तज्ज्ञ म्हणतो म्हणून खरं मानण्याइतकाच आळस आहे. दोन्ही बाजूंना मान द्यायचा तो तपासून.

वहीतून पाच-सहा विधानं निवडा आणि ती खोटी ठरू शकतील अशा भाषेत लिहा. "तिसरी पावसाळ्याआधी चांगली असते" हे असं तपासता येत नाही. "शिमग्यानंतरच्या दोन उधाणांत दहापैकी आठ तिसऱ्या भरलेल्या असतात, त्यानंतर पोकळ होतात" हे तपासता येतं. (हे वाक्य नमुन्याचं आहे; तुमच्या खाडीचं तुमच्याकडची काकीच सांगेल.)

तिसऱ्यांसाठी असं करा. दर महिन्याच्या एका मोठ्या ओहोटीला, शक्यतो पौर्णिमेच्या आसपास, मळीवर दहा जागी बांबूची चौकट टाका. जागा दर महिन्याला त्याच, खुंट्या मारून ठेवा. जिथे जास्त दिसतात तिथे चौकट सरकवायची नाही. चौकटीतली माती हाताच्या पंजाइतकी खोल काढा, चाळा, सगळ्या तिसऱ्या फळीवर मोजा, आणि अगदी बारीकही लिहा, कारण बारीक म्हणजे नवी पिढी. मोजून झालं की परत टाका. त्याच दिवशी काढणाऱ्या बायकांच्या टोपलीतल्या तीस तिसऱ्या विकत घेऊन उघडा आणि भरलेली की पोकळ ते लिहा. भरलेली आणि पोकळ यांतला फरक तुम्हाला कळणार नाही, त्यांना कळतो. तेव्हा उघडताना त्या सोबत हव्यात.

वाढ मोजायला शंभरेक तिसऱ्यांच्या शिंपीवर नेलपॉलिशने खूण करा, माप लिहा आणि मळीच्या एका कोपऱ्यात जाळीचं कुंपण घालून सोडा. दर दोन महिन्यांनी मोजा. एका वर्षाने "केवढी व्हायला किती दिवस लागतात" याचं तुमच्या खाडीचं उत्तर तुमच्याकडे असेल, आणि ते दुसऱ्या कुणाकडे नसेल.

माशाचं काम आणखी सोपं आहे, कारण गाबोळी डोळ्यांनी दिसते. मासे कापणाऱ्या चार-पाच बायकांनी प्रत्येक उधाणाला आपल्याकडच्या एका माशाच्या तीसेक नगांची लांबी आणि गाबोळी आहे-नाही एवढंच सांगायचं. टिपायला शाळेतलं पोर पुरतं. लांबी मोजताना तोंडाच्या टोकापासून मोजायचं आणि शेपटीला कुठपर्यंत, हे एकदा ठरवून तसंच ठेवायचं. वर्षाच्या शेवटी लांबीनुसार गट पाडा. ज्या लांबीपाशी निम्म्या माद्यांत गाबोळी दिसते, ती पहिल्यांदा अंडी घालण्याची लांबी. त्याहून लहान मासा मारणं म्हणजे एकदाही वीण होऊ न देणं. हा आकडा आला की तो सरकारी यादीशी ताडून बघा: नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली आहे. तुमचा आकडा आणि यादीतला आकडा जुळले तर गावात कायदा सांगायला जोर येतो. फरक पडला तर तो लेखी कळवण्यासारखा मुद्दा आहे.

दोघांचं पटत नसेल तर मधलं काढू नका. डोलवाला म्हणतो मासा भरपूर, वावरीवाला म्हणतो संपला. दोघंही खरे असू शकतात, कारण दोघांची जाळी वेगळ्या वयाचा मासा आणि वेगळं पाणी बघतात. डोलीत भरपूर म्हणजे पिल्लं भरपूर. कुणाच्या जाळ्यातून कोण बोलतोय हे प्रत्येक विधानासमोर लिहा.

आणि एक हिशेब मच्छीमार स्वतःशीही करत नाही. मशीन मोठं झालं, जाळी वाढली, लांब जाऊ लागलो, म्हणून टोपली भरते आणि मासा आहे असं वाटतं. इथे डिझेलचं रजिस्टर काढा. लिटरमागे किती किलो मासा आला, हे दहा वर्षांचं उतरवून काढलं तर ओटीवरचा वाद तासाभरात संपतो. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये उलटं घडलं होतं. १९८० च्या दशकात किनाऱ्यालगत छोट्या होड्यांतून कॉड मारणारे सांगत होते की मासा बारीक होतोय, किनाऱ्याला येत नाहीये. दूरवरच्या ट्रॉलरना मात्र उरलेले थवे शोधून भरपूर मिळत होतं, आणि सरकारी अंदाज बराचसा त्या पकडीवर बेतलेला होता. २ जुलै १९९२ ला कॉडची मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे ३०,००० माणसांचं काम गेलं. किनाऱ्यावरच्यांचं म्हणणं तपासायलाही फारसं कुणी घेतलं नव्हतं.

७. दोष काढणीचाच आहे ना?

ही पायरी छोटी आहे, पण वगळू नका. काढणं जास्त झाल्यामुळे तिसरी कमी झाली असेल तरच काढणीवरचा नियम चालेल. वाळू उपसा, कांदळवनात टाकलेला भराव, गटाराचं पाणी, एका रात्रीत आलेला गोड्या पाण्याचा लोंढा यांनी मळी मरत असेल तर बायकांना घरी बसवून काहीच होणार नाही, फक्त त्यांचा रोजगार जाईल. दाभोळ खाडीतले मच्छीमार लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या सांडपाण्याबद्दल वर्षानुवर्षं तक्रार करत आले आहेत. शिवाय कोयनेचं वीजनिर्मितीचं पाणी वाशिष्ठीतून त्याच खाडीत उतरतं. तिथे आधी पाण्याची नोंद हवी: मेलेली मासळी कुठल्या तिथीला, कुठल्या ठिकाणी, कुठल्या वासाच्या पाण्यात दिसली. तारीख, वेळ, फोटो आणि दोन साक्षीदार असलेली वही प्रदूषण नियंत्रण मंडळापुढे ठेवता येते. नुसती ओरड ठेवता येत नाही.

८. नियम

एकच करा. काळाचा, जागेचा, आकाराचा, आसाचा किंवा पाळीचा. यांतला कुठला, हे पडताळ्यातून निघेल. पाळीचा नियम आपल्याकडे नवा नाही. रापणकरांमध्ये कुणाची रापण (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं) आधी लागणार आणि वाटे कसे पडणार याची घडी पिढ्यांची आहे. पावसाळी बंदीही तशीच: कायद्याने आज यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी आहे, पण नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात न जाण्याची चाल त्याच्या फार आधीची. नवा नियम अशा जुन्या घडीला जोडता आला तर तो लवकर अंगवळणी पडतो.

आधी विचारा, नियमाने नुकसान कुणाचं होणार? तिसऱ्यांच्या बाबतीत उत्तर जवळजवळ नेहमी एकच असतं: ज्या बाईकडे होडी नाही, जाळं नाही, फक्त कोयती आणि टोपली आहे, तिचं. आणि ठराव करणाऱ्या सभेत ती नसते. म्हणून सगळी खाडी एकदम बंद करू नका. मळीचे दोन भाग करा, एक बंद, एक चालू, पुढच्या हंगामात उलट. बंद भागाची राखण त्याच बायकांकडे द्या आणि राखणीची मजुरी सोसायटीने द्यावी. हे जमणार नसेल तर आकाराचा नियम घ्या: लोखंडी सळीची एक कडी बनवून प्रत्येकीला द्यायची, तिच्यातून आरपार जाईल ती तिसरी परत चिखलात. कडीला भाषण लागत नाही.

ठराव आधी बायकांच्या बैठकीत, मग सोसायटीत, मग ग्रामसभेत. ठरावात मळीची हद्द, तारखा (तिथी आणि इंग्रजी दोन्ही), आकार, राखणदार, मोडल्यास काय आणि फेरविचाराचा दिवस लिहा. दंडापेक्षा 'त्या दिवशीचा माल मळीवर परत टाकणं' ही शिक्षा बरी चालते. दंड भरून माणूस मोकळा होतो.

गावाचा ठराव बाहेरच्याला बांधत नाही, हे स्पष्ट माहीत असू द्या. बाहेरून येणाऱ्या नौकांवर कारवाई करायचा अधिकार १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली मत्स्यव्यवसाय विभागाकडे आहे. तेव्हा ठरावाची प्रत आणि वर्षाच्या नोंदीचा एक पानी गोषवारा परवाना अधिकाऱ्यांकडे पोच घेऊन द्या. पर्ससीन जाळ्यांवरचा ५ फेब्रुवारी २०१६ चा निर्बंध किंवा एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरची २०१७ ची केंद्राची बंदी, यांच्या अंमलबजावणीसाठी पारंपरिक मच्छीमारांना आजही किनाऱ्यावर ओरडावं लागतं. कागदावरचा हुकूम आणि पाण्यावरची गस्त यांत केवढं अंतर आहे ते त्यावरून कळावं. म्हणून पहिला नियम असा निवडायचा, जो गावाला स्वतःच्या डोळ्यांनी राखता येतो.

९. फळा आणि फेरविचार

दर महिन्याचे आकडे बंदरावरच्या काळ्या फळ्यावर लिहा: चौकटीत सरासरी किती, त्यात बारीक किती, टोपलीत केवढी. चार ओळी, मोठ्या अक्षरात. ज्या बायकांनी माहिती दिली त्यांना वाचता येत नसेल तर बाजार उठल्यावर वाचून दाखवा. त्या चुका लगेच सांगतात, आणि सांगू दिल्या तर पुढच्या महिन्याला स्वतः येऊन उभ्या राहतात. काम नोंदणाऱ्या मुलांचं न राहता त्यांचं होतं ते याच वेळी.

जवळ शिरगावचं (रत्नागिरी) मत्स्य महाविद्यालय किंवा केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं मुंबईतलं केंद्र असेल, तर पहिल्या वर्षाच्या नोंदी घेऊन त्यांच्याकडे जा. वही नेऊन विचारलेल्या प्रश्नाला मिळणारं उत्तर आणि रिकाम्या हाताने मागितलेल्या मार्गदर्शनाला मिळणारं उत्तर यांत बराच फरक असतो.

ठरावानंतरच्या नारळी पौर्णिमेच्या आसपास बंद भाग उघडा. उघडण्याच्या आदल्या ओहोटीला दोन्ही भागांत चौकट टाकून मोजा, ज्यांनी राखण केली त्यांच्याच हातून, बाकीच्यांच्या देखत. बंद भागात मोठी तिसरी वाढलेली असेल तर पाळी बदलून तोच नियम पुढे चालवा. फरक नसेल तर बारीक तिसऱ्यांचा आकडा बघा: बारीक भरपूर असेल तर एक हंगाम आणखी थांबा, बारीकही नसेल तर पुन्हा सातव्या पायरीवर जा आणि पाण्याची वही काढा. उघडण्याच्या पहिल्या दिवशी गावाबाहेरचे टेम्पो येतील हे गृहीत धरा. त्या दिवशी माणशी किती टोपल्या आणि पहिला भाव कोण बांधणार, हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवा.